आले कुठून हे ३६ टक्के?

निवडणूक जवळ आली की एक मजकूर हटकून फिरू लागतो. 'तरुणांनो, मतदान करा, नाहीतर तुमचंही ब्रेक्झिट होईल' असा त्याचा थाट. त्यात म्हटलेलं असतं की युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं यावरच्या २०१६च्या सार्वमतात ब्रिटनमधल्या १८ ते २४ वयाच्या जेमतेम ३६ टक्के मुलांनी मतदान केलं, बाकीची संगीत महोत्सवात चिखलात नाचत होती, त्यामुळे निकालावर गळे काढायचा त्यांना हक्क नाही. पुढे पुरवणी जोडलेली असते. या पिढीला युरोप हवा तो इरॅस्मसच्या, म्हणजे दुसऱ्या युरोपीय देशात शिकायला पाठवणाऱ्या योजनेच्या, फुकट सहलींपुरता. नागरिक म्हणून ती करते काय, तर घरबसल्या ऑनलाइन सह्या. आणि आता तर ती कडव्या उजव्या पक्षांकडे वळली आहे, म्हणजे युरोपीय एकीकरणाचा कारभार आटोपलाच.

मतदानाच्या आवाहनाशी माझं भांडण नाही. पण ज्याच्या जोरावर ते केलं जातं, त्यातलं बरंचसं खोटं आहे आणि उरलेलं अर्धवट.

आधी तो आकडा. ३६ टक्के हे मतदान केलेल्यांचं प्रमाण नाहीच. स्काय वृत्तवाहिनीच्या स्काय डेटा या सर्वेक्षण विभागाने ट्विटरवर एक तक्ता टाकला होता. सार्वमताआधीच्या त्यांच्या शेवटच्या चाचणीत कोणत्या वयोगटातले किती जण 'हा माणूस बहुधा मत देईल' या चाळणीतून पार पडले, ते त्यात दिलं होतं. मत देण्याची खात्री दहापैकी किती, एरवी मतदान करता का, २०१५च्या निवडणुकीत केलं होतं का, अशा प्रश्नांची ती चाळणी. म्हणजे तक्ता अंदाजाचा होता, आणि तोही मतदानाच्या आधीचा. निकालाच्या धक्क्यात तो हातोहात पसरला आणि 'पार पडले' याचं 'मत दिलं' कधी झालं ते कुणी पाहिलं नाही.

ब्रिटनमध्ये वयानुसार मतदानाची अधिकृत मोजणी होत नाही, त्यामुळे खरा आकडा म्हणून दाखवायला काही नाही. आहेत ती सगळी सर्वेक्षणं. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधले मायकेल ब्रुटर आणि सारा हॅरिसन यांनी मतदानानंतरच्या सर्वेक्षणावरून काढलेला अंदाज असा की नाव नोंदवलेल्या १८ ते २४ वयाच्या मतदारांपैकी सुमारे ६४ टक्क्यांनी मत दिलं. यातही गोम आहे. लोक मतदान केल्याचं जरा वाढवूनच सांगतात. शिवाय त्याच अंदाजात ६५च्या पुढच्यांचं प्रमाण ९० टक्के होतं. म्हणजे तरुण ज्येष्ठांपेक्षा कमी आले हे खरंच. तिघांतला एकच आला, हे मात्र कशावरही टिकत नाही.

महोत्सवाचा मुद्दा तर साध्या हिशेबाने निकालात निघतो. ग्लॅस्टनबरी त्याच आठवड्यात होता, कबूल. पण तिथे सगळ्या वयांचे, अगदी कर्मचारी धरूनही, दोन लाखांच्या आसपास लोक असतात. बाहेर पडण्याच्या बाजूचं मताधिक्य साडेबारा लाखांहून जास्त होतं. चिखलातला एकेक माणूस उठून मतदान केंद्रावर गेला असता आणि सगळ्यांनी 'राहू या'वर फुली मारली असती, तरी निकाल तोच लागला असता. शिवाय ब्रिटनमध्ये टपालाने मत पाठवता येतं.

'नाव नोंदवलेल्या' हे शब्द वर मुद्दाम वापरले, कारण खरी गोष्ट तिथे आहे. पूर्वी ब्रिटनमध्ये कुटुंबप्रमुख घरातल्या सगळ्यांची नावं मतदार यादीत घाली, आणि वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांची नावं विद्यापीठ एकगठ्ठा देई. २०१४पासून प्रत्येकाने आपली नोंदणी आपण करायची असा नियम आला आणि २०१५च्या अखेरीस जुन्या पद्धतीच्या नोंदी रद्द झाल्या. सतत पत्ता बदलणाऱ्यांना, म्हणजे विद्यार्थी आणि भाड्याने राहणाऱ्या तरुणांना, याची झळ सर्वाधिक लागणार हे उघड होतं. नोंदणीची मुदत ७ जून २०१६च्या मध्यरात्रीपर्यंत होती. त्या एका दिवसात पाच लाखांवर अर्ज आले, संकेतस्थळ कोसळलं आणि मुदत दोन दिवस वाढवावी लागली. उदासीन लोकांची अशी झुंबड उडत नाही.

'गळे काढायचा हक्क नाही' हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण कितीतरी जणांना मत द्यायचाच हक्क नव्हता. स्कॉटलंडच्या २०१४च्या सार्वमतात १६ आणि १७ वर्षांच्या मुलांनी मत दिलं होतं. युरोपच्या सार्वमतातही त्यांना घ्यावं असा ठराव हाउस ऑफ लॉर्ड्सने नोव्हेंबर २०१५मध्ये केला. पुढच्याच महिन्यात हाउस ऑफ कॉमन्सने तो फेटाळला. सुमारे १५ लाख मुलं बाहेर राहिली.

इथे आपल्याकडच्या वाचकांना गंमत वाटेल असा तपशील आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना त्या सार्वमतात मत होतं. म्हणजे पुण्याहून वर्षभराच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी लंडनला गेलेली, भारतीय पासपोर्टवरची मुलगी नाव नोंदवून ब्रिटनच्या युरोपातल्या भवितव्यावर मत देऊ शकत होती. वीस वर्षं तिथे राहून कर भरणारा फ्रेंच माणूस देऊ शकत नव्हता. युरोपीय संघ घडवणाऱ्या मास्ट्रिक्ट कराराने १९९३पासून जे युरोपीय नागरिकत्व दिलं, त्यात राहत्या देशातल्या स्थानिक आणि युरोपीय संसदेच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क आहे. राष्ट्रीय निवडणूक आणि सार्वमत त्यात येत नाहीत. ज्यांचं आयुष्य या एकीकरणावर उभं होतं, नेमके तेच दाराबाहेर.

आता इरॅस्मस. ही योजना सहलीच्या हौसेतून नव्हे, एका अपमानातून निघाली. इटलीची सोफिया कोराडी १९५८मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून परतली, तेव्हा रोमच्या विद्यापीठाने ते शिक्षण मानायलाच नकार दिला. परदेशी घेतलेलं शिक्षण घरी धरलं जावं यासाठी तिने पुढची अनेक वर्षं खटपट केली आणि १९८७मध्ये ११ देशांतले ३२००च्या वर विद्यार्थी घेऊन इरॅस्मस सुरू झाली. आज तिचा लाभ घेतलेल्यांची संख्या दीड कोटीच्या पुढे आहे, आणि त्यात कारागिरी शिकणारे उमेदवार, शिक्षक, स्वयंसेवकही आहेत. ब्रिटनने बाहेर पडल्यावर स्वतःची ट्युरिंग योजना काढली. ती आपली मुलं बाहेर पाठवण्याचे पैसे देते, बाहेरून येणाऱ्यांचे नाही. २०२५च्या डिसेंबरात ब्रिटिश सरकारने २०२७पासून इरॅस्मसमध्ये परतण्याचं जाहीर केलं.

इरॅस्मसवर टीका करायची तर ती वेगळी आहे. विद्यावेतनात खर्च पुरा भागत नाही, म्हणून गरीब घरातली मुलं कमी जातात. आणि काही अभ्यासकांचं म्हणणं असं की जी जातात ती आधीपासूनच युरोपच्या बाजूची असतात, त्यामुळे मनं फारशी बदलत नाहीत. हा आक्षेप मला वजनदार वाटतो. पण फिरणाऱ्या मजकुरात तो नसतो.

ऑनलाइन सह्यांचं म्हणाल तर युरोपीय संघाच्या लिस्बन कराराने दिलेली ती कायदेशीर वाट आहे आणि २०१२पासून चालू आहे. किमान सात देशांतून दहा लाख सह्या जमल्या की युरोपीय आयोगाला, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाला, लेखी उत्तर द्यावंच लागतं. सही करण्याचं वय १६वर आणण्याची मुभा देशांना आहे. पाण्याच्या हक्कासाठी झालेल्या पहिल्या यशस्वी मोहिमेनंतर पिण्याच्या पाण्याचे नियम २०२०मध्ये नव्याने आले. कंपनीने सर्व्हर बंद केला की विकत घेतलेला व्हिडिओ गेम निकामी होतो, याविरुद्धच्या मोहिमेने २०२५मध्ये दहा लाखांचा टप्पा ओलांडला. हा विषय संसदेतल्या कुणा ज्येष्ठाला सुचला नसता. उलट, पिंजऱ्यातल्या पशुपालनाविरुद्ध जवळपास १४ लाख सह्या झाल्या, आयोगाने २०२१मध्ये कायद्याचा प्रस्ताव आणण्याचं वचन दिलं, त्यासाठी २०२३ची मुदतही दिली, आणि ती पाळली नाही. इथे आळशी कोण ठरलं?

शेवटचा मुद्दा, कडव्या उजव्यांकडे वळण्याचा, तेवढा सोपा नाही. २०१९च्या युरोपीय निवडणुकीत २५ वर्षांखालच्यांचं मतदान २८वरून ४२ टक्क्यांवर गेलं होतं. २०२४मध्ये ते ३६वर उतरलं. (हो, पुन्हा ३६, पण निदान हा आकडा मतदानानंतर विचारून काढलेला आहे.) जर्मनीने यावेळी युरोपीय निवडणुकीत प्रथमच १६ वर्षांच्यांना मताचा हक्क दिला. तिथे २५ वर्षांखालच्यांत पर्यावरणवादी ग्रीन पक्ष ३४ टक्क्यांवरून ११वर कोसळला आणि कडव्या उजव्यांची एएफडी ५वरून १६वर चढली. हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच वयोगटातल्या चौथ्या हिश्शाहून जास्त मतं छोट्या पक्षांना गेली, आणि त्यातला आघाडीचा व्होल्ट हा युरोपभर एकाच नावाने, एकीकरण वाढवा म्हणून लढणारा पक्ष. फ्रान्समध्ये कडव्या उजव्यांच्या नेत्या मारीन ल पेन यांनी २०१७च्या पराभवानंतर युरोपीय संघाबाहेर पडण्याची भाषाच सोडली. त्यांचे तरुण वारसदार जॉर्डन बार्देला २३व्या वर्षी ज्या सभागृहात निवडून गेले आणि जिथून देशभर माहीत झाले, ते युरोपीय संसदेचं.