उत्तर बरोबर, रीत चूक

‘डेरिव्हेशनला मराठीत काय म्हणतात हो?’ असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, तास कशाचा चालू आहे? व्याकरणाचा असेल तर शब्दसिद्धी किंवा व्युत्पत्ती, गणिताचा असेल तर सूत्राची सिद्धता. एवढ्यावर सुटका व्हायला हवी. होत नाही, कारण मध्ये ‘सिद्ध’ आडवा येतो.

भूमितीत पक्ष लिहा, साध्य लिहा, लागलीच तर रचना करा, मग पायरीपायरीने घाम गाळा. शेवटी हाती येतं ते सिद्ध. व्याकरणात मात्र ज्याच्यासाठी कुणी काडी हलवलेली नाही तो सिद्ध शब्द: कर, बस, जा. प्रत्यय जोडून घडवलेला ‘करणारा’ बिचारा नुसता साधित. त्यात ‘सिद्ध’ स्वतःच साधित! ‘सिध्’ला ‘त’ लागला, ‘ध्’च्या संगतीने ‘त’चा ‘ध’ झाला आणि मूळचा ‘ध्’ मात्र ‘द्’ होऊन बसला.

डेरिव्हेशनचा चुलत भाऊ ‘डेरिव्हेटिव्ह’ आणखी वेगळा: व्याकरणात तो साधित शब्द, गणितात विकलज. व्याकरणात ‘शक्त’ला आधी ‘अ’ आणि मग ‘पणा’ लावा. ‘अशक्तपणा’ होतो आणि शब्द धष्टपुष्ट दिसतो. गणितात क्ष घनाचं विकलन (डिफरन्सिएशन) करत जा: ३ क्ष वर्ग, ६ क्ष, ६ आणि चौथ्या खेपेला ०. अशक्तपणा खरा इथे.

वर्गसमीकरणाच्या सूत्राची सिद्धता तशी सरळ आहे. वर्गपदाच्या सहगुणकाने भागा (तो शून्य नको), मग क्षच्या नव्या सहगुणकाच्या निम्म्याचा वर्ग दोन्ही बाजूंना मिळवा आणि वर्गमूळ काढा. घोटाळा इथेच होतो: ± लिहायचं राहतं आणि एक मूळ गहाळ. व्युत्पत्तीत घाई केली की उलटं होतं, नसलेलं मूळ सापडतं. ‘करवत’ घ्या. कापायचं काम करते म्हणून ‘कर’ धातूपासून, असं कुणीतरी ठोकून देतं. मी तावातावाने सांगतो, छे, ते संस्कृत ‘करपत्र’; त्यातला ‘कर’ म्हणजे हात! मग आठवतं की हाताचा ‘कर’सुद्धा ‘कृ’ धातूवरूनच आलाय, आणि आपलं ‘करणं’ही तिथलंच.

म्हणजे उत्तर बरोबर, रीत चूक. आता गुण किती द्यायचे?