सर, मेल मिळाला का?

जनसंपर्काचा, म्हणजे पीआरचा, अभ्यासक्रम निवडल्याबद्दल सर्वप्रथम तुमचे अभिनंदन. प्रस्तुत लेखकाने एका मराठी दैनिकात पंचवीसहून अधिक वर्षे उपसंपादकी केली असून त्यातली बरीचशी वर्षे इतरांनी पाठवलेली तीन पानी प्रसिद्धीपत्रके पाच ओळींत बसवण्यात खर्ची पडली आहेत. निवृत्तीनंतर आता पुण्यातली महाविद्यालये मला अधूनमधून ‘उद्योगजगताशी संवाद’ अशा भारदस्त नावाच्या तासाला बोलावतात, हातात एक रोपटे ठेवतात आणि चहा पाजतात. व्याख्यान संपले की विद्यार्थी रांग लावतात, ती प्रश्न विचारण्यासाठी नव्हे, तर मोबाइल क्रमांक घेण्यासाठी. त्यांची ही तळमळ पाहून मला भरून येते, आणि म्हणूनच तुमच्या उज्ज्वल कारकिर्दीसाठी काही सूचना लिहून काढण्याचे धाडस करीत आहे.

आमच्या काळी या प्रकाराला ‘ओळख लावणे’ म्हणत आणि ते काम चारचौघांत बोलण्यासारखे समजले जात नसे. वडील आपल्या एखाद्या कचेरीतल्या मित्राकडे घेऊन जात, मुलगा खाली मान घालून उभा राहत असे आणि घरी परत येताना कोणीच कोणाशी बोलत नसे. त्यालाच पुढे वशिला म्हणू लागले. आता त्याला नेटवर्किंग म्हणतात, त्यावर कार्यशाळा होतात आणि प्रमाणपत्रही मिळते, तेव्हा खाली मान घालण्याचे काही कारण उरलेले नाही.

पहिल्या सत्राची अंतर्गत परीक्षा होण्यापूर्वीच लिंक्डइन या नोकरीधंद्याच्या ओळखींच्या संकेतस्थळावर खाते उघडावे आणि आपल्या नावाखाली ‘कथाकार, ब्रँड रणनीतीकार, संवादतज्ज्ञ’ अशी तीन बिरुदे लावावीत. कोणाची कथा सांगितली, कोणत्या ब्रँडची रणनीती आखली, असे विचारण्याइतका वेळ कोणालाच नसतो. त्यानंतर दिसेल त्याला जोडणीची विनंती पाठवत सुटावे. तिथे 500 ओळखी झाल्या की पुढचा आकडा दाखवणेच बंद होते आणि नुसते ‘500+’ असे दिसते, म्हणजे 501 ओळखीवाला आणि वीस हजार ओळखीवाला परक्या माणसाला सारखेच भासतात. इतकी समता आपल्याकडे अन्यत्र कुठे आढळत नाही. विनंतीसोबत दोन ओळी लिहून आपण कोण आणि त्या माणसाचे कोणते काम आपण पाहिले हे सांगण्याची सोय तिथे आहे, पण त्यासाठी त्याचे काम आधी पाहावे लागते. तेवढ्या वेळात आणखी चाळीस विनंत्या जातात.

या उद्योगाला शास्त्राचा आधार आहे काय, असे एखाद्या खवचट प्राध्यापकाने विचारलेच, तर मार्क ग्रॅनोव्हेटर हे नाव तोंडावर फेकावे. या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाचा 1973 सालचा निबंध नेटवर्किंगच्या प्रत्येक भाषणात निघतो. बॉस्टनजवळच्या न्यूटन या उपनगरात त्याने नोकरी बदललेल्या लोकांना गाठून, नोकरीची खबर तुम्हाला कोणाकडून लागली, असे विचारले. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती खबर जिवलग मित्राकडून नव्हे, तर अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून लागली होती. कारण जवळच्या मित्रांना आपल्याला ठाऊक असते तेवढेच ठाऊक असते आणि लांबची माणसे वेगळ्या वर्तुळात वावरतात. भाषणात इथवरच यावे आणि टाळ्या घ्याव्यात. ती लांबची माणसे म्हणजे अनेकदा जुने सहकारी, पूर्वीचे वरिष्ठ किंवा कॉलेजातले सोबती होते, थोडक्यात, त्या उमेदवाराला कधीकाळी काम करताना किंवा न करताना प्रत्यक्ष पाहिलेले लोक होते, हा तपशील त्याच निबंधात असला तरी सांगत बसू नये.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे पत्रकारांकडे, येतो. पत्रकार हा प्राणी तुमच्या पोटापाण्याशी निगडित असल्यामुळे त्याच्याशी घरोबा वाढवणे अपरिहार्य आहे आणि त्याची सुरुवात मीडिया लिस्टपासून होते. ही यादी स्वतः करायची नसते, ती वारसाहक्काने मिळते. आधीच्या इंटर्नने तिच्या आधीच्या इंटर्नकडून घेतलेली एक्सेलची फाइल तुमच्या हाती येते आणि तीत ज्यांनी क्रीडा पान सोडून दहा वर्षे झाली ते क्रीडा प्रतिनिधी, बंद पडलेल्या पुरवण्यांचे संपादक आणि काही दिवंगतही गुण्यागोविंदाने नांदत असतात. आमच्या डेस्कवरचा एक ज्येष्ठ सहकारी वारला, त्यानंतर तीन वर्षे त्याच्या नावाने ‘आपल्या वाचकांना हे नक्की आवडेल’ अशी पत्रे येत होती. शेवटी आमच्या मुख्य उपसंपादकांनी एका मुलीला फोनवर ‘ते आता या जगात नाहीत’ असे सांगितले, तेव्हा तिने अत्यंत अदबीने विचारले, ‘मग सध्या त्यांचं बीट (बातम्यांचं क्षेत्र) कोण बघतं, सर?’ प्रसंगावधान असावे तर असे.

यादी हाती आली की सर्वांना एकच मेल एकाच वेळी धाडावी आणि ती पाठवताना सगळे पत्ते सर्वांना दिसतील अशी काळजी घ्यावी. त्यामुळे ‘ही बातमी फक्त तुम्हालाच देत आहोत’ हे वाक्य शहरातल्या साठ पत्रकारांनी एकमेकांसोबत वाचल्याचा आनंद त्यांना लाभतो.

प्रसिद्धीपत्रकाच्या मजकुराविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण या कलेत तुमची पिढी आमच्या फार पुढे गेली आहे. पत्रकाचा प्रारंभ ‘आम्हाला कळविण्यास अत्यंत आनंद होत आहे की’ असा करावा. पहिल्या परिच्छेदात संस्था अग्रगण्य असल्याचे सांगावे, दुसऱ्यात ती किती वर्षे अग्रगण्य आहे हे सांगावे आणि तिसऱ्यात संस्थापकांनी आपण अग्रगण्य कसे झालो याविषयी काढलेले उद्गार द्यावेत, जे अर्थातच तुम्ही लिहिलेले असतात. बातमी असलीच, तर ती शेवटच्या परिच्छेदात पाहुण्यासारखी बसवावी. मला आठवते, एका रुग्णालयाच्या वतीने आलेल्या तीन पानांच्या अखेरीस हडपसरला रविवारी सकाळी दहा वाजता ‘मुक्त नेत्र छावणी’ होणार असल्याचा उल्लेख होता. मोफत नेत्रतपासणी शिबिराला भाषांतराच्या यंत्राने दिलेले हे तेजस्वी नाव मी दोनदा वाचले. छावणी हडपसरमध्ये नेमकी कुठे पडणार, हे मात्र तीनही पानांत कुठेच नव्हते. डोळे तपासायला येणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्याला पत्ता लागतो, ही गोष्ट संवादाच्या व्यापक रणनीतीत बसत नसावी.

पत्रक इंग्रजीत लिहून यंत्राकडून मराठी करून घेणे हा मार्ग सोपा आहेच, पण त्याहून सरस मार्गही आहेत. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर फॉन्ट न जोडता पाठवला की समोर चित्रविचित्र चिन्हांची रांगोळी उमटते आणि उपसंपादकाला कोडे सोडवण्याचे समाधान मिळते. कुठल्याही संगणकावर नीट उमटणाऱ्या युनिकोडमध्येच पाठवा, असा आग्रह कोणी धरला, तर पत्रक छापून त्याचा मोबाइलवर तिरका फोटो काढावा आणि तो व्हॉट्सअॅपने पाठवावा, म्हणजे प्रत्येक अक्षर नव्याने टंकावे लागून उपसंपादकाचा मजकुराशी घनिष्ठ परिचय होतो. छायाचित्र मात्र वर्डच्या फाइलमध्ये चिकटवूनच पाठवावे आणि त्यात किमान अकरा माणसे एका रांगेत उभी असावीत. त्यांची नावे डावीकडून की उजवीकडून, हे गुलदस्त्यात राहू द्यावे.

मेल गेली की फोन करावा. सकाळी अकराच्या सुमारास बातमीदार मोकळे असतात आणि बोलतातही, त्यामुळे ती वेळ टाळावी. संध्याकाळी साडेसातनंतर, बाहेरगावी जाणाऱ्या डाक आवृत्तीची पाने छपाईला सोडण्याची घाई चाललेली असताना, कुठे तरी पूल कोसळल्याची बातमी येऊन पहिले पान मोडले जात असताना, फोन लावावा आणि विचारावे, ‘सर, मेल मिळाला का?’ मिळाला म्हटल्यास ‘कधी छापून येईल?’ आणि न मिळाल्यास ‘परत पाठवू का?’ असे दोनच प्रश्न पुरतात. तिसरा प्रश्न, म्हणजे ‘यात काही कमी आहे का?’, हा धोकादायक आहे, कारण त्याला उत्तर मिळण्याचा संभव असतो.

नात्यात ओलावा राहावा म्हणून सणावारांना शुभेच्छा पाठवाव्यात आणि 6 जानेवारी तर कदापि चुकवू नये. बाळशास्त्री जांभेकरांनी 1832 साली याच तारखेला ‘दर्पण’ सुरू केले म्हणून आपण हा पत्रकार दिन पाळतो. माझ्या संग्रही एका संस्थेने पाठवलेले शुभेच्छापत्र आहे. त्यावर बाळशास्त्रींचे नाव आणि वर लोकमान्य टिळकांचे छायाचित्र आहे. ‘दर्पण’ निघाले तेव्हा टिळकांच्या जन्माला चोवीस वर्षे अवकाश होता, पण आदर महत्त्वाचा.

वर्तमानपत्र वाचावे काय, असा प्रश्न काही जुनाट वळणाचे विद्यार्थी अजूनही विचारतात. त्यांना माझे सांगणे असे की, पत्रकारांशी संबंध वाढवायचा असताना ते काय लिहितात हे पाहण्यात वेळ दवडणे म्हणजे नवरदेवाच्या घोड्याची वंशावळ तपासण्यासारखे आहे. इंटर्नशिपमध्ये तुम्हाला पहाटे उठून सगळे अंक चाळावे लागतील, पण त्यात केवळ ग्राहक कंपनीचे नाव शोधायचे असते, ते सापडले की कात्रण कापायचे आणि नऊच्या आत अहवाल धाडायचा असतो. शेजारच्या स्तंभात महापालिकेच्या पाणीकपातीची बातमी असेल आणि तुमच्या ग्राहकाचा जलतरण तलाव त्याच दिवशी थाटात खुला होणार असेल, तरी तिकडे लक्ष देऊ नये. ते कात्रण तुमच्या कामाचे नाही.

कात्रणांवरून आठवले. कामाचे मोजमाप करण्यासाठी कात्रणाची लांबीरुंदी घ्यावी, तेवढ्या जागेच्या जाहिरातीचा दर लावावा आणि जमल्यास तीनने गुणावे, कारण बातमीवर लोकांचा जाहिरातीपेक्षा अधिक विश्वास असतो असे मानण्याची प्रथा आहे. जगभरच्या मोजमापतज्ज्ञांनी 2010 साली बार्सिलोना येथे जमून, या आकड्याने जनसंपर्काचे मूल्य मोजता येत नाही, असे तत्त्व जाहीर केले, पण बार्सिलोना दूर आहे आणि महिनाअखेरीचा अहवाल जवळ आहे.

मुलाखतीसाठी दोन नावे पाठ असावीत. पहिले एडवर्ड बर्नेज, अमेरिकी जनसंपर्काच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक. मनोविश्लेषक फ्रॉइडच्या या भाच्याने 1929 साली ईस्टरच्या दिवशी न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर तरुणींना सिगारेट ओढत चालायला लावले आणि त्या सिगारेटींना स्वातंत्र्याच्या मशाली म्हटले, ही कथा डोळ्यांत चमक आणून सांगावी. पैसे तंबाखू कंपनीचे होते, हे शेवटी घाईत म्हणावे किंवा म्हणूच नये. दुसरे आयव्ही ली, तेही याच धंद्यातले आद्य अमेरिकी. हा गृहस्थ आधी स्वतः बातमीदार होता, त्यामुळे त्याच्या वागण्यात काही दोष राहून गेले. आपले काम उघडपणे चालते, आपण बातमी पुरवतो आणि आमचा मजकूर जाहिरात खात्यात जाण्याच्या लायकीचा वाटला तर तो खुशाल वापरू नका, अशा अर्थाचे जाहीर निवेदन त्याने 1906 साली काढले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात अटलांटिक सिटीजवळ एक रेल्वेगाडी पुलावरून पाण्यात कोसळून पन्नासहून अधिक माणसे दगावली, तेव्हा अपघात झाकण्याची रेल्वे कंपन्यांची परंपरा मोडून त्याने बातमीदारांना घटनास्थळी नेले आणि कंपनीच्या वतीने माहितीचे पत्रक काढले. पुढे याच लीने बड्या भांडवलदारांची जी वकिली केली तीही वादग्रस्त ठरली, तेव्हा तो काही संत नव्हता. परंतु अपघाताच्या दिवशी फोन उचलणे ही त्याची सवय तुम्ही घेऊ नये. अशा दिवशी ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ एवढेच म्हणावे आणि दुसऱ्या दिवशी वृक्षारोपणाचे पत्रक पाठवावे.

वृक्षारोपणावरून एक उदाहरण सांगतो आणि थांबतो, कारण ते तुम्ही कटाक्षाने टाळायला हवे. काही वर्षांपूर्वी एका लहानशा एजन्सीतल्या मुलीचा सकाळी अकराला फोन आला. ती म्हणाली, ‘सर, काल पाठवलेल्या पत्रकात पाच हजार झाडं लावली असं आहे. मी आज टेकडीवर जाऊन आले, तिथे दोन हजारच खड्डे आहेत. क्लायंटशी बोलले आहे, दोन हजार करून घ्याल का? आणि जागा नसेल तर नका घेऊ.’ मी आकडा दुरुस्त केला, बातमी चार ओळींची झाली आणि आतल्या पानावर तळाशी गेली. तिने ना कार्ड पाठवले, ना लिंक्डइनवर विनंती, ना पत्रकार दिनाचे चित्र. पुढे ती दुसऱ्या कंपनीत गेली आणि वर्षातून एखादा फोन करीत राहिली. तो मी पान सोडण्याच्या वेळीसुद्धा उचलत असे.

तिचा क्रमांक माझ्या मोबाइलमध्ये तिच्या पूर्ण नावाने आहे. तुमच्यापैकी ज्यांनी व्याख्यानानंतर रांगेत उभे राहून माझा क्रमांक घेतला, त्यांचेही क्रमांक मी आठवणीने जतन केले आहेत. सध्या ‘पीआर उचलू नये 14’ पर्यंत आलो आहे.