म्हैस पान्हा चोरते तेव्हा

गेल्या उन्हाळ्यात डेन्मार्कहून मोहोळजवळच्या आमच्या गावी गेलो होतो. पहाटे धारेच्या वेळी चुलतभावाने गोठ्याच्या वळचणीतून बिनलेबलची बाटली काढली आणि म्हशीच्या मानेत इंजेक्शन दिलं. सुई दिसताच तिची कातडी थरथरली होती. दोन-तीन मिनिटांत आचळं तटतटली. बाटली ऑक्सिटोसिनची, म्हणजे पान्हा सोडायला लावणाऱ्या हार्मोनची, पेंडीच्या दुकानातून आणलेली.

तो फोटो घरच्या ग्रुपवर टाकला, तर सोलापूरच्या भाच्याने लिहिलं, "मामा, तुमच्या डेन्मार्कसारखी सरसकट बंदीच पाहिजे."

पण डेन्मार्कमध्ये ऑक्सिटोसिनवर बंदी नाही. जनावरांच्या डॉक्टरने लिहून दिलं की मिळतं. बंदी आहे ती जनावर लवकर वाढावं म्हणून हार्मोन देण्यावर, आणि २००६ पासून सगळ्या युरोपीय संघात त्याच कारणासाठी अँटिबायोटिक देण्यावर. डेन्मार्कने आणखी एक गोष्ट केली, मला ती सर्वांत मोलाची वाटते: १९९५ च्या सुमारास औषधविक्रीतून डॉक्टरला मिळणाऱ्या नफ्याला कात्री लावली. औषध जास्त खपवून कमाई होईना, तेव्हा चिठ्ठ्याही आवरल्या.

आपल्याकडे २०१८ मध्ये केंद्राने खासगी कंपन्यांना ऑक्सिटोसिन बनवायला मनाई केली. दिल्ली उच्च न्यायालयाने ती त्याच डिसेंबरात रद्द केली, ते बरंच झालं. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायला हेच औषध लागतं. या दुधाने मुली लवकर वयात येतात ही भीतीही मला पटत नाही. ऑक्सिटोसिन पोटात गेलं की पचून जातं. हाल होतात ते म्हशीचे, रोज दोन वेळा. आणि त्यासाठी नवा कायदा कशाला? दूध वाढवायला अपायकारक इंजेक्शन देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेच गुन्हा आहे. हे औषध चिठ्ठीशिवाय विकताही येत नाही. तरी ते सरकीच्या पोत्याशेजारी मिळतं. तपासणी व्हायला हवी ती त्या दुकानाची.

पंढरपुरी म्हैस मुळात आडमुठी नाही. कोल्हापुरात तिला गिऱ्हाइकाच्या दारात नेऊन भर रस्त्यात धार काढतात. मग आमचीच का पान्हा चोरते? काकू चुलीपुढून म्हणाल्या, "रेडकू गेलं की तिचं. रेडा म्हणून दूधच पाजलं नाही कुणी."

दिवाळीला ती पुन्हा व्यायची आहे. रेडा झाला तरी एक आचळ त्याच्यासाठी सोडायचं, एवढं घरच्यांकडून फोनवर कबूल करून घेतलंय.