तिकीट पूर्ण घेता, मग पोरांनी जहाजावर करायचं काय?

संताप येतो. एक साधा प्रश्न विचारलाय आणि फोंड्यापासून पणजीपर्यंत एकही ट्रॅव्हल एजंट त्याचं सरळ उत्तर द्यायला तयार नाही. मुलगा सतरा वर्षांचा, बारावीत. मुलगी चौदाची. चौघांना पहिल्यांदाच क्रूझला जायचंय. सकाळचा नाश्ता झाल्यापासून रात्री झोपेपर्यंत ही दोघं त्या जहाजावर काय करतील, आणि सगळं धरून चौघांचे मिळून पैसे किती होतील? एवढंच विचारते आहे. उत्तरादाखल व्हॉट्सअॅपवर पीडीएफ येते. त्यात पूलच्या कडेला ग्लास धरून उभं असलेलं जोडपं, आणि पुढच्या पानावर रंगीत चेंडूंच्या ढिगात लोळणारं चार वर्षांचं मूल. पंधरा-सोळाचं पोर अख्ख्या पीडीएफमध्ये शोधून सापडत नाही.

बिल करताना मात्र ते बरोबर सापडतं. "मॅडम, ट्वेल्व्ह प्लस म्हणजे अॅडल्ट." बरं, अॅडल्ट तर अॅडल्ट. मग किड्स क्लब? तो बारापर्यंतच. डिस्को? अठराच्या पुढे. बार? एकवीस. कॅसिनो? एकवीस. रात्री अकराचा कॉमेडी शो? फक्त मोठ्यांसाठी. म्हणजे पैसे मोजताना माझी मुलगी मोठी, आणि दारात जाऊन उभी राहिली की लहान! दोन्हीकडून तुमचाच फायदा. मग तिच्यासाठी नेमकं काय आहे, असं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो एजंट म्हणतो, "मॅडम, बुफे आहे ना." चौदा वर्षांच्या मुलीने काय दिवसभर बुफेच्या रांगेत उभं राहायचं?

आम्ही गोव्यात राहतो. पणजीच्या पुलावरून येता-जाता मांडवीतले कॅसिनो बघतच ही पोरं मोठी झाली. एकवीसच्या आतल्याला तिथे कायद्यानेच प्रवेश नाही आणि ते योग्यच आहे. दारूचं वयही इथे एकवीस. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार ही आहे की जहाजाचा मोक्याचा मजला कॅसिनोला, त्याच्या वरचा बारना, उरलेला कोपरा बाळांच्या खेळण्यांना द्यायचा आणि ते जहाज 'फॅमिली क्रूझ' म्हणून आमच्या गळ्यात मारायचं. जुगार आणि दारू यांवर धंदा चालवायचा असेल तर खुशाल चालवा, पण मग जाहिरातीत आई, बाबा आणि दोन मुलं हात धरून डेकवर पळताना दाखवू नका.

आणि हे करता येत नाही असं तर मुळीच नाही. अमेरिकेतल्या कार्निव्हलच्या जहाजांवर बारा ते चौदा वयाच्या मुलांचा क्लब वेगळा आणि पंधरा ते सतराचा वेगळा असतो. आई-बापांना तिथे मज्जाव. पोरं पोरांत रमतात, खेळतात, गाणी लावतात, लक्ष ठेवायला जहाजाची माणसं असतात, आणि आत जायला वेगळे पैसे पडत नाहीत. तेरा वर्षांच्या मुलाला सतरा वर्षांच्या घोळक्यात सोडायचं नसतं, एवढी साधी अक्कल त्या दोन गटांमागे आहे. आपल्याकडे मात्र दोन टेबल टेनिसची टेबलं मांडली, भिंतीवर चढायच्या चार खुंट्या ठोकल्या की 'टीन झोन' तयार. तेही उघडं कधी असतं ते विचारलं तर "ऑनबोर्ड कळेल."

आता पैशांचं. हे जरा सविस्तर सांगते, कारण खरी लबाडी इथे आहे.

जाहिरातीत मोठ्या आकड्यांत '२४,९९९ पासून'. खाली बारीक अक्षरात माणशी, दोघांनी मिळून एक केबिन घेतली तर, बिनखिडकीची आतली खोली, आठवड्याच्या मधल्या वारी. आम्हाला जायचंय दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे सुट्टीचा जादा दर. मग बंदराचं शुल्क. मग सर्व्हिस चार्ज, म्हणजे कर्मचाऱ्यांची टिप, तीही माणशी, रोजची, मुलांचीसुद्धा. मग या सगळ्यावर जीएसटी. आमच्या चौघांचा आकडा ९९,९९६ वरून १,७२,००० वर गेला, आणि त्यात वायफाय नाही, किनाऱ्यावरची सहल नाही, साधं कोल्ड्रिंकही नाही. हे सगळं मला एका कागदावर मिळालं असं समजू नका. प्रत्येक गोष्ट विचारल्यावर एकेक बाहेर आली. मी विचारलं नसतं तर ती जहाजावर चढल्यावर कळली असती, आणि तेव्हा परत फिरायची सोय नसते.

वायफायचं तर विशेष सांगायला हवं. पॅक डिव्हाइसमागे एक. चार फोन, चार पॅक. नाही घेतला आणि पोरांचा फोन चुकून जहाजाच्या मोबाइल नेटवर्कला लागला, तर ते सॅटेलाइटवरचं रोमिंग असतं, आपला नेहमीचा प्लॅन तिथे लागू नाही, आणि बिल आल्यावर डोळे पांढरे होतात. चढल्याबरोबर फोन एअरप्लेन मोडवर टाका, हे एका वाक्याचं काम आहे. एकाही एजंटने ते सांगितलं नाही.

केबिन! "फोर शेअरिंग, मॅडम, मस्त होईल." खाली दोन पलंग आणि छतातून खाली ओढायच्या दोन फळ्या. वरच्या फळीवर झोपणारा माझा मुलगा सहा फुटाला एक बोट कमी आहे. बाथरूम एक, तीही अशी की दार उघडायला आतल्या माणसाने बाजूला सरकायचं. खिडकी नाही. बाप आणि भाऊ समोर असताना चौदा वर्षांच्या मुलीने कपडे कुठे बदलायचे, हा प्रश्न विचारायला मला लाज वाटायला नको होती, पण समोरच्याने असं बघितलं की मीच काहीतरी वावगं बोलले. दोन केबिन घ्याव्यात तर एका केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाला मिळणारी सवलत गेली, चारही तिकिटं पूर्ण. शिवाय प्रत्येक केबिनमध्ये एक मोठं माणूस हवंच, म्हणजे मी आणि मुलगी एकीत, बाप-लेक दुसरीत. त्या तरी शेजारी-शेजारी मिळतील का? "रिक्वेस्ट टाकतो." मधल्या दाराची जोडखोली मिळेल का? "रिक्वेस्ट टाकतो." पैसे मात्र आज, पूर्ण.

आणि स्वस्तातली म्हणून जी केबिन देतात तिचा नंबर आपल्याला निवडता येत नाही. कंपनी देईल ती घ्यायची. मग ती डिस्कोच्या बरोबर खाली असो नाहीतर पार पुढच्या टोकाला. माझ्या मुलीला चोर्ला घाटात हमखास उलटी होते. जहाज मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर कमी हलतं, टोकाला आणि उंचावर जास्त, हे समुद्रावर गेलेल्या कोणालाही ठाऊक असतं. एजंटने सुचवलं काय? सगळ्यात वर, सगळ्यात पुढे. "व्ह्यू सुपर आहे." उलटी होणाऱ्या मुलीला व्ह्यू काय करायचाय?

आता जायचं कुठे ते ऐका. सगळ्यात सोपी, पहिल्यांदा जाणाऱ्यांना चांगली, सगळेच जी गळ्यात घालतात ती कुठली? मुंबई-गोवा-मुंबई. आम्ही फोंड्याचे! आम्ही बॅगा भरून मडगावला जायचं, वंदे भारतने मुंबई गाठायची, तिथे हॉटेलात एक रात्र काढायची, दुसऱ्या दिवशी बॅलार्ड पिअरला रांगेत उभं राहून जहाजात चढायचं आणि सकाळी उठून बघायचं तर समोर गोव्याचंच मुरगाव बंदर. मग पैसे भरून बसमध्ये बसायचं आणि ती बस आम्हाला नेणार जुन्या गोव्याला. बॉम जेझूच्या चर्चला आत जायला एक रुपया पडत नाही, फोंड्याहून कदंबा बस पकडली की आम्ही अर्ध्या तासात तिथे असतो. हे मी त्या एजंटला समजावून सांगितलं तर तो म्हणतो, "मॅडम, मग तुम्ही त्या दिवशी जहाजावरच राहा, पूल रिकामा असतो." गोव्यातून चढायची सोय विचारली तर एकाच रात्रीची मिळते, मुंबईला जाऊन उतरायचं. एका रात्रीसाठी एवढा खर्च?

सासूबाई सांगतात, पणजीच्या धक्क्यावरून त्या 'कोकण सेवक'ने मुंबईला जायच्या. वेंगुर्ला, मालवण, विजयदुर्ग करत बोट जायची, डेकवर अंथरूण टाकून झोपायचं. थाट काही नव्हता, पण तिकीट म्हणजे तिकीट. हातात घेतलं की वर आणखी कोणी हात पसरत नव्हतं.

लक्षद्वीपचं बघितलं. तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, समुद्रात नांगर टाकतं आणि छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. समुद्र खवळला तर होड्या सुटत नाहीत. हे कप्तानाच्या हातात आहे आणि असायलाच हवं, जिवाशी खेळ नको. पण बेट रद्द झालं तर भाड्यातलं किती परत मिळेल? अटींमध्ये वाचलं, मार्ग बदलायचा हक्क कंपनीचा, भरपाईची जबाबदारी कोणाची नाही. पोरांना ज्या निळ्या पाण्याचे फोटो दाखवून राजी केलं, ते पाणी बघायला मिळालं नाही तर त्यांची समजूत मीच काढायची.

तारखांची तर रडकथाच आहे. गणेशचवथीला आमच्याकडे कोणी घर सोडत नाही. २०२५ पासून गोव्यात सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू होतात, सुट्टी काय ती मे महिन्यात, आणि तेव्हा मुलाच्या प्रवेश परीक्षा. नाताळानंतर बोर्डाची प्रॅक्टिकल्स. राहिली दिवाळी. त्यातही नरकासुराची रात्र सोडून मुलगा येणार नाही, महिनाभर वाड्यावरच्या पोरांबरोबर कागद चिकटवून नरकासुर करतात आणि तो जाळायच्या दिवशीच निघून जायचं, हे मीही त्याला सांगणार नाही. म्हणजे आमच्या हातात मोजके चार-पाच दिवस, आणि नेमके तेच दिवस सगळ्यात महाग, सगळ्यात भरलेले, रद्द केले तर एक पैसा परत नसलेले.

मग म्हणतात सिंगापूरहून जा. जाऊ की! पण तिथेही कोणी धड सांगत नाही. जहाज सिंगापूरला परतणार, म्हणजे व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी. मुलीचा पासपोर्ट ती लहान असताना काढलेला, मुलांचा पाचच वर्षं चालतो, तो संपत आलाय. हे मला कोणी सांगितलं? कोणीच नाही. कपाटातून काढून मीच बघितला. एजंटला विचारलं तर "मॅडम, पासपोर्ट आमच्याकडे येत नाही, आम्ही फक्त क्रूझ बघतो." उद्या मोपा विमानतळावर मुलीला अडवलं असतं तर हा तिथे आला असता का?

वर सल्लागार घरोघरी. भावजी म्हणतात, पणजीत सांता मोनिकाच्या धक्क्यावर जाऊन संध्याकाळची बोट पकडा, एवढे पैसे कशाला घालवता. तासाभराची नदीतली फेरी, स्टेजवर देखणीचा नाच आणि फुगडी, मग डीजे. पाहुणे आले की आम्ही त्यांना तिथेच नेतो. पण मुलगा पुढच्या वर्षी शिकायला बाहेर पडणार. चौघांना चार दिवस एकत्र मिळावेत, कोणाला स्वयंपाक नको, कोणाला गाडी चालवायला नको, एवढ्यासाठी मी वर्षभर आरडीत पैसे बाजूला टाकतेय. ते उधळायला नाही.

३० सप्टेंबर २०२४ ला मुंबईत केंद्र सरकारचं 'क्रूझ भारत मिशन' सुरू झालं, २०२९ पर्यंत क्रूझचे प्रवासी दुप्पट करायचे म्हणतात. चांगलं आहे. बंदरं बांधा, धक्के बांधा. पण त्या दुपटीत आमच्यासारखी घरं धरली असतील, तर भाड्याचा पूर्ण आकडा एका ओळीत छापायची सक्ती आधी करा. कर, बंदर, टिप, सगळं धरून. आणि बारा ते सतराच्या मुलांना पूर्ण भाडं लावणाऱ्या प्रत्येक जहाजाने त्यांच्यासाठी काय ठेवलंय ते वेळापत्रकासकट आधी दाखवावं.

काल रात्री पुन्हा फोन. "मॅडम, आज टोकन टाकलं तर ऑफर आहे, बारानंतर रेट वाढणार." म्हटलं, वाढू देत. केबिनचे दोन नंबर, शेजारी-शेजारी, मधल्या मजल्यावरचे. चौघांचा शेवटचा आकडा. रद्द केलं तर कोणत्या तारखेपर्यंत किती परत ते. आणि सतरा वर्षांच्या मुलाला रात्री नऊनंतर जहाजावर कुठे कुठे जाता येईल त्याची यादी. हे सगळं ईमेलवर, कंपनीच्या नावाने पाठवा. तो म्हणाला, "मॅडम, एवढं कोणी विचारत नाही." मी विचारते आहे. ईमेल येईपर्यंत टोकनचा एक रुपयाही मिळणार नाही.