‘गल्लीतला नगरसेवक’: सदाशिवकर यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सदाशिवकर,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा वाटलं दुसऱ्या कुणाच्या लेखाखाली टाकायची ती चुकून माझ्याकडे आली. पुण्यातल्या कसबा पेठ मतदारसंघाची 2023 ची पोटनिवडणूक काँग्रेसकडून जिंकून रवींद्र धंगेकर नगरसेवकाचे आमदार कसे झाले यावर मी लिहिलं, त्यावर तुम्ही म्हणता, "गल्लीतला नगरसेवक नशिबाने आमदार झाला, त्याची कसली पोथी लिहिताय, तुम्ही कसब्यात फक्त मिसळ खायला येत असणार."

आधी माझी चूक. त्या पोटनिवडणुकीतलं धंगेकरांचं मताधिक्य मी तेरा हजार लिहिलेलं, ते होतं सुमारे अकरा हजार. दुरुस्त केलंय, आभार. पण त्याला "अभ्यास वाढवा" हे शेपूट लावायची काही गरज नव्हती. असो.

आता ‘गल्लीतला’. अहो, नगरसेवक गल्लीतला नसेल तर कुठला असेल, मंगळावरचा? कसब्याचे आमदार जरा आठवा. गिरीश बापट 1983 ला नगरसेवक झाले, 1991 ची पोटनिवडणूक हरले आणि मग 1995 पासून सलग पाच वेळा आमदार. मुक्ता टिळक नगरसेविका, 2017 ला महापौर, 2019 ला आमदार. 2023 ला धंगेकरांसमोर उभे राहिलेले भाजपचे हेमंत रासने, तेही महापालिकेत स्थायी समितीचे अध्यक्ष होते. सगळे पालिकेच्याच जिन्यावरून चढलेत, मग गल्लीतला एकटाच कसा? बाकीच्यांना तुम्ही कधी असं म्हणाल? म्हणणार नाही, मला माहितीये.

आणि मिसळीचं म्हणाल तर माझं बालपण कसब्यातल्या वाड्यात गेलंय. सोळा बिऱ्हाडं, दोन संडास, एक नळ. एकदा ऐन पावसात चेंबर तुंबलं आणि घाण पाणी खालच्या तीन खोल्यांत शिरलं, वडील रात्री दहाला आमच्या नगरसेवकाकडे गेले, तर तो माणूस लुंगीवरच आला, पालिकेच्या माणसांना झोपेतून उठवून आणलं आणि काम होईपर्यंत छत्री धरून उभा राहिला. पुढे त्याने पक्ष बदलला, चिन्ह बदललं, आमच्या वडलांनी मत नाही बदललं. (ते धंगेकर नव्हते. पक्ष सांगत नाही, नाहीतर तुमची पुढची प्रतिक्रिया त्यावरच येईल.) तेव्हा कसब्यात मत कसं पडतं हे मला तुमच्याकडून शिकायचं नाहीये.

नशीब म्हणे! धंगेकर 2009 ला मनसेकडून बापटांशी लढले, आठेक हजारांनी पडले. 2014 ला परत पडले. 2017 ला पुन्हा नगरसेवक. 2019 ला काँग्रेसने विधानसभेचं तिकीट दुसऱ्याला दिलं. एवढं झाल्यावर 2023 ला संधी मिळाली त्याला नशीब म्हणायचं तर म्हणा बापडे. आणि ती पोटनिवडणूक कधी झाली हेही बघा ना, मार्च 2022 ला पालिकेची मुदत संपून प्रशासक बसलेला, म्हणजे फेब्रुवारी 2023 ला कागदावर पुण्यात एकही नगरसेवक नव्हता. पण आमच्या पेठेत नळाला पाणी नाही आलं की लोक प्रशासकाला नाही शोधत, जुन्या नगरसेवकालाच फोन लावतात. तो फोन जो उचलतो तो ‘माजी’ होत नाही, एवढंच मी लेखात म्हटलं होतं. भाजपचे चंद्रकांत पाटील प्रचारात ‘हू इज धंगेकर’ म्हणाले होते, तुम्ही तेच आता मराठीत म्हणताय, तेही निकाल लागून इतकी वर्षं झाल्यावर.

बाकी तुम्ही बरंच लिहिलंय. इतकं वॉर्डातलं काम होतं तर 2024 ला त्याच रासन्यांकडून का हरले, त्याआधी लोकसभेला भाजपच्या मुरलीधर मोहोळांकडून का हरले, 2025 ला शिंदेंच्या शिवसेनेत का गेले. माझा मूळ लेख 2023 च्या निकालापाशी संपतो, त्याच्या शीर्षकातच लिहिलंय, पुढचं तुम्हीच लिहा. जुन्या वाड्यांच्या पुनर्बांधणीचा प्रश्न आमदार होऊन सोडवला नाही म्हणता, तर शनिवारवाड्याभोवती शंभर मीटरात बांधकाम बंदी हा केंद्राचा कायदा आहे, तिथे आमदाराच्या सहीने काय होतंय?

आणि हो, "कुणाकडून पैसे घेऊन लिहिलंत" हे वाक्य मी काढलेलं नाही. राहू दे तिथेच, वाचणाऱ्यांना तुमची ओळख पटेल. माझा आकडा मी दुरुस्त केला, ‘गल्लीतला’ तुम्ही कधी करताय ते कळवा.