ती बघ... गेली!

१३ डिसेंबरच्या रात्री एक वाजता मी जुन्नरजवळ मामांच्या स्लॅबवर उताणा पडलो होतो. दोन स्वेटर, कानटोपी, वर गोधडी. उघडं होतं फक्त नाक, आणि ते गळत होतं.

मिथुन उल्कावर्षावात तासाला १२० उल्का दिसतात, असं सांगून बायकोला पुण्याहून आणलेलं. हा आकडा आकाश काळंकुट्ट आणि मिथुन रास बरोबर डोक्यावर असेल तेव्हाचा, हे स्थळ सुचवणाऱ्या मध्यस्थाप्रमाणे मी बोललोच नव्हतो.

अंधाराला डोळे सरावायला अर्धा तास लागतो. एकोणतिसाव्या मिनिटाला बायकोने किती वाजले ते बघायला मोबाईल लावला. पुन्हा पहिल्यापासून.

"बाबा, ती बघा!"

"कुठे?"

"गेली."

उल्केचा वेग सेकंदाला ३५ किलोमीटर. माझ्या मानेचा, पट्टा लागल्यापासून, जरा कमी. मग मी डोकं लढवलं. उल्का पुनर्वसूच्या जोडताऱ्यांपासून निघतात ना, मग तिथेच टक लावायची! वीस मिनिटांत पदरात पडला एक आखूड टिपका. कारण रूळ लांबवर जुळल्यासारखे वाटतात, तशा त्या तिथून फुटताना नुसत्या भासतात. लांबलचक रेघा उमटतात त्या भलतीकडेच. अख्खी वरात मागून वाजत गेली आणि मी मांडवाचा खांब बघत होतो.

दिसत नाही तर निदान शिकवावं, म्हणून उठून बसलो. "बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीचे. हा मात्र फेथॉन नावाच्या लघुग्रहाचा. १९८३ साली सापडला. सूर्याजवळ जातो तेव्हा बुधाच्याही आत शिरतो..."

"आहाहा!" दोघं एकदम ओरडली. मी सुखावलो. मग कळलं, दाद माझ्या पाठीमागच्या आकाशाला होती. तोवर पोराच्या सव्वीस झाल्या होत्या, बायकोच्या एकोणीस. माझ्या दोन, त्यातली एक लाल दिवा मिचकावत मुंबईकडे गेली.

तेवढ्यात मामा बॅटरी घेऊन वर आले. थ्री फेज लाईट रात्रीचीच, म्हणून उसाला दारं धरायला निघालेले. "खाली उतरू नका रं, बिबट्या फिरतोय. आन् एवढं काय बघताय?"

"उल्का, मामा."

"हात्तिच्या! ह्या दिवसांत लई पडत्यात. परवा एक पडली तर समदं वावर उजाडलं." असं म्हणत त्यांनी सहज मान वर केली. "ही बघ, अशीच!"

स्लॅबवर क्षणभर आमच्या सावल्या पडल्या. मी त्या वेळी मामांच्या बॅटरीवर हात ठेवून म्हणत होतो, "मामा, आधी ही बंद करा."