ग्लेनोरच्या थांब्याबद्दल तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा,

रिव्ह्यू वाचला. दोन स्टार दिलेत आणि लिहिलंत की न्यूझीलंडमधल्या आमच्या डनेडिन ते क्वीन्सटाउन टूरमध्ये "ग्लेनोरला हायवेवर कुठल्यातरी स्मारकासमोर अर्धा तास वाया घालवला, फोटो काढण्यासारखंही काही नाही, तेवढ्यात क्वीन्सटाउनचा गोंडोला (डोंगरावर नेणारा रोपवे) झाला असता", म्हणून थोडे पैसे परत द्या. गाडी आणि जेवण आवडलं म्हणालात त्याबद्दल मनापासून थँक्यू. पण ग्लेनोरचं सविस्तर बोलायलाच हवं, कारण तो थांबा मी वेळ भरायला ठेवलेला नाही, या टूरमध्ये मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं.

ते स्मारक एडवर्ड पीटर्सचं आहे. आपल्याच किनाऱ्यावरचा माणूस, कुठे गोव्याचा लिहिलाय तर कुठे मुंबईचा. 1853 ला न्यूझीलंडला आला, लोकांच्या शेतांवर राबला आणि 1857-58 च्या सुमारास याच भागात ओढ्यांमधून सोनं काढायला लागला. इथले लोक त्याला ब्लॅक पीटर म्हणायचे, का ते सांगायला नको. पुढे तो तिकडे सोनं काढतोय हे ऐकूनच गॅब्रिएल रीड नावाचा सोनं शोधणारा माणूस याच भागातल्या तुआपेकाकडे गेला आणि मे 1861 मध्ये त्याला सोन्याची ती घळ सापडली जिला आज गॅब्रिएल्स गली म्हणतात. त्यानंतर काय माणूस लोटला! काही महिन्यांत हजारो लोक तंबू टाकून बसले, आणि तो पैसा डनेडिनमध्ये आला. 1869 ची ती युनिव्हर्सिटी, जिच्या क्लॉक टॉवरसमोर तुम्ही सगळ्यांनी आदल्या दिवशी फोटो काढले, ती त्याच सुबत्तेतून उभी राहिली.

रीडला सरकारने 1000 पौंड बक्षीस दिलं. पीटर्सला काय मिळालं? 1885 मध्ये, म्हणजे म्हातारपणी, 50 पौंड, आणि तेही लोकांनी वर्गणी काढून तेवढेच जमवले तर, या अटीवर. 1893 ला डनेडिनमध्ये निराधारांच्या आश्रमातच वारला. नाव रीडचं राहिलं, घळीलासुद्धा. मी रीडला कमी लेखत नाहीये, त्याने शोध लपवला नाही, जाहीर केला, ते मोठंच काम. पण आधी कोण, हे कुठेतरी लिहिलेलं असायला नको का?

ते 2009 साली झालं. ग्लेनोरला पीटर्सचं स्मारक झालं आणि त्याचं अनावरण तेव्हाचे गव्हर्नर जनरल सर आनंद सत्यानंद यांनी केलं, जे स्वतः भारतीय वंशाचे. दीडशे वर्षं लागली. हे स्मारक शहरात एखाद्या चौकात असतं तर गर्दी झाली असती, फोटोही छान आले असते, पण तो राबला या ओढ्यांवर, या माळावर, म्हणून ते इथेच शोभतं. आजूबाजूला दुकान नाही, कॅफे नाही हे खरंय. पण जागा मोकळी आहे म्हणून तर कळतं की एकटा माणूस इथे काय करत असेल.

आणि दादा, पुढे गॅब्रिएल्स गलीत तुमच्या मुलीने सोनं गाळायचा पॅन हातात घेतला होता ते आठवतंय का? वाळू-खडी पाण्यात घालून हलवायची, पॅन थोडा तिरका धरून वरचं वरचं वाहू द्यायचं, सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड म्हणून ते तळाशीच राहतं, शेवटी नुसती काळी वाळू उरते आणि ती अगदी हळू फिरवली की कधी एखादा पिवळा कण मागे राहतो. ती किती वेळ वाकून बघत होती! पीटर्सचं काम हेच होतं, फक्त त्याला वर गाडीत हीटर नव्हता. ग्लेनोरला थांबल्याशिवाय तो पॅन म्हणजे नुसता खेळ होतो, तसं मला करायचं नाहीये. गलीजवळच्या लॉरेन्स गावाच्या चिनी कॅम्पचंही तेच, गावात राहू देत नव्हते म्हणून सोनं काढायला आलेल्या चिनी लोकांनी गावाबाहेर वस्ती केली, तिथेही आपण थांबतोच.

इथे येणारे बरेच मराठी लोक मला सांगतात की आपल्याकडचं कोणी एवढ्या आधी इथे आलं होतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. तुमच्या आईंनी तर फलक पूर्ण वाचला आणि ड्रायव्हरला दोन-तीन प्रश्नही विचारले, त्याने मला आल्यावर सांगितलं.

पैशांचं म्हणाल तर परत देता येणार नाहीत. बुकिंगच्या पानावर ग्लेनोर, गॅब्रिएल्स गली, लॉरेन्स तिन्ही थांबे वेळेसकट लिहिलेत आणि तेवढा वेळच आपण दिला. ज्यांना सरळ क्वीन्सटाउन गाठायचंय त्यांच्यासाठी आमची वेगळी गाडी आहे, मध्ये फक्त चहाला थांबते, परत आलात तर ती घ्या, गोंडोलाला भरपूर वेळ मिळेल. या टूरमधून मात्र ग्लेनोर निघणार नाही.